होडीच्या फटींत काय भरलं

आप्पांनी तीनदा सांगितलं होतं, "पोरी, फटींत तेलाची मऊ लांबीच भर. पाण्यात लाकूड फुगतं. त्याला सरकायला जागा लागते." पण ऐकेन ती मी कसली!

त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, डावी बाजू कामातून गेलेली. डॉक्टर पुढच्या वर्षाचं नावच काढत नव्हते. आप्पांना स्वतः बांधलेल्या होडीत एकदा बसायचं होतं, बस्स. ती मात्र तीन वर्षं शेडमध्ये टेकूंवर वाळत पडलेली. फळ्यांमधून पलीकडचा उजेड दिसायचा.

मऊ लांबी, म्हणजे ती तेलात मळलेली पुट्टी, दर दोन वर्षांनी उकरा, पुन्हा भरा. कोणी सांगितलेत नसते उद्योग? दुकानदारानं गोंदाची ट्यूब पुढे सरकवली. "ताई, हे भरा आणि विसरा. लाकूड तुटेल, पण हे सुटणार नाही." आणि मी बावळट त्यावर खूश झाले. नऊ दिवस खपून एकूण एक फट त्या गोंदानं भरली.

"लांबी नीट भरलीस ना?" आप्पांनी विचारलं.

"भरली हो," मी म्हणाले. धडधडीत खोटं.

होडी पाण्यात सोडली. दोन दिवस आत थेंब नाही! मी फक्त नाचायची बाकी होते. तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पांसाठी उशी घेऊन गेले, तर आत गुडघाभर पाणी. फळ्या फुगल्या होत्या, गोंद तसूभर हलला नव्हता, मग सगळा जोर फळ्यांना आतून धरणाऱ्या लाकडी बरगड्यांवर गेला. बावीसपैकी पंधरा मोडलेल्या. होडी ओढून परत शेडमध्ये आणली. पटाशीनं गोंद काढायला गेले तर लाकडाच्याच ढलप्या निघाल्या. बरगडी बदलायची तर फळी सोडवावी लागते, आणि फळी आता तुटल्याशिवाय सुटणार नव्हती. दुकानदार खोटं बोलला नव्हता, मेला!

आप्पांनी हट्टच धरला, म्हणून त्यांची चाकाची खुर्ची होडीपाशी नेली. त्यांनी चांगल्या हाताचा अंगठा फटीवर ठेवून नख दाबलं. नख रुतलं नाही. पुन्हा दाबलं.

मी शिव्यांची वाट बघत उभी. खिळा तिरका गेला तरी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करणारा माणूस. घाला, मनात म्हटलं, घाला एकदाच्या, म्हणजे मला रडता येईल.

त्यांनी मोडक्या बरगड्या एकेक करून बघितल्या. मग म्हणाले, "चूक माझीच. झटक्यापासून जीभ जड झालीये ना. मी काय सांगितलं ते तुला कळलंच नसणार."

मला शब्द न् शब्द कळला होता. ते माझ्याकडे बघत होते, मीही तेच म्हणावं म्हणून.

"नाही कळलं, आप्पा," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. "चल मग घरी," म्हणाले.