सावडीतलं घर

रोज दुपारी तीनच्या सुमाराला, भांडी घासून झाली की मी मागच्या पायरीवर बसते, डोळे मिटते आणि पाण्यात उतरते.

पाणी सुप्याच्या धरणाचं. आमचं गाव त्याच्या तळाशी आहे. गाव उठलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आणि तिथून आम्हाला इथं रामनगरला आणून वसवलं त्याला आता चाळीस वर्षं होऊन गेली. खाली पाणी हिरवं असतं आणि त्यातून दुपारचं ऊन आरपार जातं. वाटेवर धूळ उडत नाही. घरांची दारं उघडीच असतात, मासे कुणाला न विचारता आत-बाहेर करतात. मी एका घरात शिरते, सगळीकडे नीट बघते, वर येते आणि फोनवर शंभर शब्द लिहिते.

हे खूळ रक्षितानं लावलं. ती माझ्या थोरल्या भावाची, कान्हूअण्णाची मुलगी. मालक गेल्यापासून, अकरा वर्षं झाली, मी अण्णाकडेच राहते. मी तोंडानं फटकळ आणि अण्णा पडला मुका. बोलायचा म्हणजे गुरांशी. दोन वर्षांमागं चतुर्थीला घर रंगवायला माणूस आणला होता. मी म्हटलं, स्वैपाकघरात तो एक वासा काळाकुट्ट दिसतो, आधी त्याला रंग फास. तर अण्णानं रंगाऱ्याला शिडीवरून खाली उतरवलं. "त्येला हात लावायचा न्हाई," एवढंच बोलला. का, ते नाही सांगितलं. पुढं दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही, म्हणजे मी बोलले नाही. त्याला फरक कळला की नाही देव जाणे.

तर रक्षिता एक दिवस वैतागून म्हणाली, "आत्या, दिसभर माझ्यासंगं भांडतीस, त्यापरास लिव तरी," आणि तिनं मला फोनवरच्या 'रोजचं पान' नावाच्या गटात घातलं. बावीस माणसं, कुणी कुणाला पाहिलेलं नाही. दिवेलागणीच्या आत शंभर शब्द लिहायचे. तीन दिवस चुकले की नाव काढणार. गट चालवते ती नाशिकची कविता. बोलायला गोड, नियमाला पक्की.

पहिल्या दिवशी मी लिहिलं, "माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नाही." कवितानं विचारलं, मग लहानपणी कुठं खेळायचात तेवढं सांगा. मी ओढ्याकाठचं बाळीमावशीचं घर लिहिलं. तिच्या माळ्यावर फणस पिकत घातलेले असायचे, त्यांच्या वासानं आम्ही पोरं झोपेतही तिकडं चालू लागायचो. दुसऱ्या दिवशी त्याच्या वरचं घर लिहिलं. गावात सत्तावीस घरं होती. हळूहळू ही माणसं माझ्यासोबत खाली उतरायला लागली. सोलापूरची प्राजक्ता दवाखान्यात नर्स आहे, ड्युटी संपली की वाचायची. तिनं एकदा लिहिलं, "ताई, काल स्वप्नात मी तुमच्या ओढ्यातून वर चढत होते. जागी झाले तरी पाय गार होते." चाळीस वर्षांत मला गावाबद्दल कुणी विचारलं नव्हतं, आणि इथं परकी माणसं तीन वाजायची वाट बघत होती. खरं सांगते, मला त्यांची सवय नाही, ओढ लागली.

मग माझ्या हातून चूक झाली, असं गटातले म्हणाले. नांदेडकडचे लक्ष्मणमास्तर दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही दुपार कलली तरी पत्ता नाही. आता आमच्याकडं भातलावणीला सावड असते: आज सगळ्यांनी मिळून तुझं शेत लावायचं, उद्या माझं. कुणी अंथरुणाला खिळला तर त्याचं शेत बाकीचे लावून टाकतात, विचारत बसत नाहीत. ज्याचं शेत त्याच्या घरी शेवटी जेवण, की सावड पुरी झाली. मी मास्तरांचे शंभर शब्द लिहून टाकले. त्यांच्याच पानांतून कळलं होतं तेवढं त्यांचं घर, अंगणातला लिंब, भिंतीला टेकवलेली सायकल. खाली माझं नाव घालून लिहिलं, "लक्ष्मणमास्तरांची आजची पाळी, येसूनं केली."

झालं! एकानं लिहिलं, ही फसवणूक आहे. कविता म्हणाली, ताई, ज्याचं लेखन त्यानंच करायचं असतं. माझं डोकं सणकलं. "मग आजारी माणसाचं शेत पडीक ठेवायचं काय?" असं लिहून मी फोन तांदळाच्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं.

दोन दिवसांनी रक्षितानं तो उकरून काढला. मास्तरांचं उत्तर आलेलं होतं. त्यांची बायको दवाखान्यात होती. बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी आपलंच घर दुसऱ्याच्या शब्दांत वाचलं होतं. "लिंब तुम्ही डावीकडे लावलात, तो उजवीकडे आहे," त्यांनी लिहिलं होतं. "पण बऱ्याच दिवसांनी मी हसलो." खाली कवितानं नियम बदलला होता. कुणाचे तीन दिवस चुकले तर नाव काढायचं नाही, सावड करायची.

अशी सव्वीस घरं झाली. सत्ताविसावं आमचं.

मी खाली उतरले, वाट ओळखीची, दारापर्यंत गेले. आत नुसतं हिरवं पाणी. भिंत दिसेना, चूल दिसेना. लहान पोर खेळतं दुसऱ्यांच्या घरी. आपल्या घरी जेवतं आणि झोपतं. आई कुठं बसायची हेसुद्धा मला आठवेना. आमच्या घराचा फोटो नाही, आई जाऊन वीस वर्षं झाली. जाणणारा एकच माणूस, आणि तो मुका. गाव सोडलं तेव्हा अण्णा एकवीस वर्षांचा होता. मी विचारलं, "अण्णा, आपली चूल कुठल्या अंगाला हुती?" तो टॉवेल खांद्यावर टाकून गोठ्यात निघून गेला.

तीन दिवस मी पायरीवर बसले आणि कोरडीच उठले. चौथ्या दिवशी लिहिलं, "घर सापडत नाही. माझं नाव काढा." आणि रडले. आईचं घर पाण्यात बुडालं ते सरकारच्या हिशेबात होतं. माझ्या डोक्यातून गेलं त्याची दाद कुणाकडं मागायची?

दुसऱ्या दिवशी रविवार. तीन वाजले आणि फोन थरथरायला लागला. माझ्यानं बघवेना, म्हणून रक्षिता ओट्यावर बसून मोठ्यानं वाचू लागली. अण्णा खांबाला टेकून दोर वळत होता.

"'येसूताईंची आजची पाळी, लक्ष्मणनं केली. घरात शिरलं की उजव्या हाताला चूल.'" मग प्राजक्ताचं. मग कविताचं. एकवीस जणांनी माझं घर लिहिलं होतं, आणि एकवीसही घरं साफ चुकीची. कुणी खिडक्या ठेवल्या, कुणी माजघरात झोपाळा टांगला. "झोपाळा? आम्ही काय इनामदार हुतो काय?" मी ओरडले. पण त्या जागी काय होतं, ते मला कुठं ठाऊक होतं?

"'दारापुढे चाफा,'" रक्षितानं वाचलं.

"चाफा न्हाई. शेवगा हुता."

अण्णा बोलला होता. दोरावरची नजर न काढता. रक्षिता पोरगी हुशार, तिनं मान वर केली नाही, मास्तरांच्या पानापासून पुन्हा वाचायला लागली.

"'उजव्या हाताला चूल.'"

"डाव्या."

"'चुलीपाशी खिडकी.'"

"खिडकी कुठली? धूर कौलांतनं जायाचा. आई भिंतीला पाठ लावून बसायची, तू तिच्या मांडीवर." दोराला एक पीळ देऊन तो म्हणाला, "तुझी भाकरी ती फुंकून द्यायची."

फोन रक्षिताकडं, म्हणून मी हाताला लागलेल्या कागदावर लिहीत होते. अक्षरं दिसत नव्हती, तरी लिहीत होते. अण्णा एकेक चूक काढत गेला आणि पाण्यातून एकेक भिंत वर आली.

शेवटी त्यानं दोर खाली ठेवला. "पान्यानं न्हाई बुडालं आपलं घर. पानी यायच्या आधी मीच उतरीवलं. कौलं, वासे, समदं. आई खाली हुबी ऱ्हाऊन बघत हुती. एक शबुद बोलली न्हाई. मग मी तरी काय बोलू?"

रक्षितानं फोन मांडीवर ठेवला. अण्णानंच तिला विचारलं, "ह्या समद्यांनी सावड केली न्हवं?"

"व्हय बाबा," रक्षिता म्हणाली. "एकवीस जण."

"मग जेवाय बोलवा की. जेवल्याबिगर सावड पुरी हुईत न्हाई."

माझा स्वभाव काही जाईना. "कुठं बोलवू? ज्या घराचं काम केलं ते घर तर पान्याखाली हाय."

अण्णा उठला. माझं मनगट धरून त्यानं मला स्वैपाकघरात नेलं आणि वर बोट दाखवलं. तिथं तोच तो काळा वासा होता. जुनी लाकडं इथं लावलीत एवढं मला माहीत होतं. त्यातलं कुठलं लाकूड कुठलं, ते नव्हतं.

"चुलीच्या वरचा हाय," तो म्हणाला. "आईचाच धूर त्यो."

अकरा वर्षं मी त्याच्याखाली भाकऱ्या थापल्या. दारच्या फणसाच्या पानांतून ऊन आत येत होतं, भिंतीवर हिरवं हिरवं हलत होतं. मी स्टूल ओढलं, चढले आणि वाशाला हात लावला. बोटं काळी झाली. ती मी पुसली नाहीत, तशीच फोनवर टेकवून लिहिलं, "सत्ताविसावं घर सापडलं. सगळ्यांनी जेवायला या. पत्ता रामनगरचा आहे."