माझ्याखालून वाकून जाणाऱ्यांनो!

मित्रांनो, मी पुलावरचा एक जुना दांडा आहे. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, लाकडी. आमचा पूल मधोमध उघडतो आणि उंच बोटींना वाट द्यायला त्याचे दोन्ही भाग वर उचलले जातात. घंटा वाजली, लाल दिवा लागला की मी रस्त्यावर आडवा होतो. त्याचा अर्थ एकच, थांबा. पण एवढी साधी गोष्ट लोकांच्या डोक्यात शिरवता शिरवता माझा जीव मेटाकुटीला आला आहे.

मला घडवणारा सुतार रंधा मारता मारता म्हणाला होता, "हा गडी लोकांचे जीव वाचवणार बघा." मी नुसता फुगलो होतो. उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांनी माझ्यावर हात ठेवून फोटो काढले. पहिली काही वर्षं मी खाली आलो की लोक मुकाट थांबत, बोट बघत, गप्पा मारत.

मग सवय झाली आणि मान गेला. कुणी माझ्यावर शिकवणीची जाहिरात चिकटवली, कुणी च्युइंगम. लाल दिवा दिसला की आमच्याकडचे ड्रायव्हर गाडी आणखीच दामटतात. एका टेम्पोने तर माझे सरळ दोन तुकडे केले. ड्रायव्हर खाली उतरला आणि कळवळून म्हणाला, "अरे देवा, माझा दिवा फुटला!" माझी चौकशी नाही. मला लोखंडी पट्टी ठोकून पुन्हा कामाला जुंपलं.

पायी जाणाऱ्यांचं तर विचारूच नका. पाठ दुखते म्हणून घरी खाली पडलेली पेन्सिल न उचलणारी माणसं माझ्याखालून कशी झटकन वाकून जातात! त्यात सगळ्यांवर कडी केली ती पूल चालवणाऱ्या बाईंच्या नवऱ्याने. बाई पलीकडच्या काठावर केबिनमध्ये बसतात. दुपारी हा त्यांचा डबा घेऊन येतो, आणि मी खाली असलो तरी खुशाल वाकून निघतो. बाई भोंग्यावरून ओरडायच्या, "अरे, रोज काय सांगते मी? थांब ना तिथेच!" हा हसून डबा उंच करून दाखवायचा. मग बाई तो पलीकडे पोचेपर्यंत त्याच्यावर नजर ठेवायच्या आणि तो पोचला की बटण दाबायच्या.

एका दुपारी वाळूने भरलेली मोठी बोट येत होती. भरलेली बोट काही ब्रेक लावून थांबत नाही. घंटा वाजली, मी खाली आलो, आणि हे महाशय डबा घेऊन निघाले. माझ्याशेजारी एक आजोबा नातीचा हात धरून उभे होते. त्यांनी त्याला जाताना पाहिलं, क्षणभर विचार केला आणि नातीला म्हणाले, "चल गं, ते काका गेले ना? वेळ असेल अजून." दोघं माझ्याखालून वाकून गेले. मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती.

नवरा पलीकडे पोचला. बाईंनी बटण दाबलं. आजोबा आणि नात लोखंडी खांबाच्या आड होते, ते त्यांना दिसलेच नाहीत.

पायाखालची वाट तिरपी व्हायला लागली तशी नात किंचाळली. आजोबांनी एका हाताने कठडा धरला, दुसऱ्या हाताने तिला. नवरा मागे वळला आणि जागीच थिजला. मधे पूल उघडला होता. त्याला पुढे येता येईना, काही करता येईना. हातातला डबा पडला, झाकण उघडून सगळं जेवण सांडलं. "थांबव! अगं, थांबव!" तो ओरडत राहिला.

बाईंनी पूल थांबवला आणि बोटीला भोंगा दिला. बोटवाल्यांनी इंजिन उलटं फिरवलं. बोट खांबांना घासत, करकरत कशीबशी अडली. मग पूल हळूहळू खाली आला. आजोबांची बोटं कठड्यावरून सुटेनात, ती दोघातिघांनी सोडवली.

नवरा धावत आला. आजोबा म्हणाले, "तुम्ही गेलात, म्हणून आम्ही निघालो हो. मला वाटलं, तुम्हाला इथलं माहीत असेल."

बाई केबिनमधून उतरून आल्या. त्यांनी आधी त्या पोरीला छातीशी धरलं.

"मी फक्त तुला बघत होते रे," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तू पोचलास, म्हणून मी बटण दाबलं."

मित्रांनो, आता तो माझ्यापाशी थांबतो. मागचे लोक कुरकुरतात, गाड्या हॉर्न वाजवतात, तो हलत नाही.

मला पुन्हा रंग नका लावू, जाहिराती नका काढू, एक वेळ चालेल. पण मी खाली आलो की थांबा. तुम्ही चपळ असाल, धावत पलीकडे पोचालही. पण तुम्हाला बघून तुमच्या मागून कोण निघालं आहे, हे तुम्हाला दिसत नसतं. आणि बाईंची नजर तुमच्यावर खिळलेली असते.