नादसेवकाची पेटी

रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये चाळीस खुर्च्या भरल्या, आणि मागे दहा-बारा माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. श्रवण मंडळाच्या बैठकीला एरवी नऊ माणसं यायची, त्यांतली दोन घोरायची. पण आज स्वतःला नादसेवक म्हणवणारे एक पेटीवाले गृहस्थ येणार होते.

टेबलावर मंडळाचा सीडी प्लेअर होता, दोन्ही बाजूंना स्पीकर, आणि मधोमध काळ्या मखमलीवर एक जड लाकडी पेटी. पेटीला पितळी खटका आणि निळा दिवा.

"मला महाराज म्हणू नका," नादसेवक म्हणाले. तसं कोणी म्हटलं नव्हतं. "सीडीत आवाज असतो का? नसतो. नुसते आकडे असतात. म्हणजे आजवर तुम्ही गाणं ऐकलंच नाही, पाढे ऐकलेत. सूर बिचारा त्या आकड्यांच्या तुरुंगात गारठून पडलाय. ही पेटी त्याला सोडवते, ऊब देते, आणि मग तो थेट तुमच्या पेशींशी बोलतो."

पेशी काय उत्तर देतात, हे कोणी विचारलं नाही.

त्यांनी व्हायोलिनची सीडी लावली. खटका डावीकडे होता, म्हणजे गाणं पेटीशिवाय. आवाज किरटा, दूर कुठूनतरी आल्यासारखा. मग डोळे मिटून त्यांनी खटका उजवीकडे केला. निळा दिवा लागला आणि हॉलभर 'वा' उमटलं. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. त्यांनी चष्मा काढून पुसला.

तिसऱ्या रांगेत घड्याळजी बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं कानाला लावून त्यांची दुखणी ओळखली होती. 'घड्याळजींचा कान' ही त्या भागात म्हणच झाली होती. पण गेली दोन वर्षं व्हायोलिनचा वरचा सूर त्यांना अर्धाच ऐकू यायचा, आणि हे त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. आज तो सूर परत आला. त्यांना भरून आलं.

घरी जाऊन त्यांनी जाहीर केलं, "लेथ विकतोय. पेटी घ्यायची आहे."

घड्याळाचे बारीक भाग कातायचा, टेबलावर मावणारा तो छोटा लेथ त्यांच्या लग्नाच्याही आधीचा. त्याच्यावर ते अजून रोज एखाददुसरं घड्याळ दुरुस्त करत. बायको इस्पितळात कान तपासायच्या खोलीत नोकरीला होती. पेटीची सगळी हकिकत ऐकून तिने हातातली पिशवी खाली ठेवली.

"अहो, ती पेटी म्हणजे डॅक. आकड्यांचा परत आवाज करणारा भाग. तो प्रत्येक सीडी प्लेअरच्या पोटात असतोच. जुना झाला, खरखरायला लागला, की बाहेरून दुसरा जोडतात. यात ऊब कुठून आली?"

"मी माझ्या कानांनी ऐकलंय."

"कानांनीच ना? की निळ्या दिव्याने?"

घड्याळजी लेथ पुसायला लागले.  बायकोने वाद वाढवला नाही. पुढच्या रविवारी ती त्यांच्याबरोबर निघाली, आणि तिच्या पर्समध्ये टीव्हीच्या रिमोटएवढं एक यंत्र होतं.

त्या दिवशी पेट्यांसाठी नावं नोंदवायची होती. यादीत पहिलं नाव अध्यक्षांचं, दुसरं घड्याळजींचं.

"एक शंका होती," बायको उठून म्हणाली.

"शंका म्हणजे कानातला मळ, ताई," नादसेवक हसून म्हणाले.

"मळ काढणं माझं रोजचंच काम आहे," ती म्हणाली, आणि यंत्र घेऊन पुढे गेली. "हे आवाज किती मोठा आहे ते सांगतं. खटका डावीकडे करा. अडुसष्ट. आता उजवीकडे. बहात्तर. डॉक्टरसाहेब, आकडा तुम्हीच वाचा."

अध्यक्षांनी वाचला. बहात्तरच होता.

"तेच गाणं जरासं मोठं लावलं की माणसाला ते मोठं वाटत नाही, सुंदर वाटतं. आता दोन्हीकडचा आवाज सारखा करून, पेटी झाकून ऐकू या. ओळखायला ह्यांनाच बसवा. ह्यांच्या कानावर सगळ्यांचा विश्वास आहे."

घड्याळजी पाठ करून खुर्चीवर बसले. पेटीवर टेबलक्लॉथ टाकला. अध्यक्षांनी नाणं उडवून ठरेल त्या बाजूला खटका करायचा, बायकोने यंत्र बघून आवाज अडुसष्टवर आणायचा, आणि घड्याळजींनी सांगायचं, पेटी की बिनपेटी. वीस वेळा असं झालं. अकरा बरोबर आले, नऊ चुकले.

"नुसतं नाणं उडवून सांगितलं असतं तरी एवढं जमलं असतं," अध्यक्ष हळूच म्हणाले.

"पेटी अविश्वासाने रुसते," नादसेवकांनी घाम पुसला.

घड्याळजी उठले. कान लाल झाले होते. त्यांनी खिशातून बारीक स्क्रूड्रायव्हर काढला.

"ती उघडली की तिची लय जाते," नादसेवक घाईने म्हणाले.

"उघडायची नव्हती तर रिव्हेट मारायचे होते," घड्याळजी म्हणाले. "स्क्रू लावला म्हणजे उघडायची परवानगी दिली."

चार स्क्रू निघाले. आत फरशीचा एक तुकडा चिकटवलेला होता, वजनासाठी. त्याच्या कडेला बिस्किटाएवढा साधा डॅक. घड्याळजींनी एकेकाळी गजराचे रेडिओही दुरुस्त केले होते. खटक्याच्या डाव्या बाजूच्या वायरीत जोडलेले, आवाज अडवणारे दोन रेझिस्टर त्यांना लगेच दिसले.

"ही पेटी आवाज खुलवत नाही," ते सावकाश म्हणाले. "पेटीशिवायचा आवाज दाबते. आधी गळा आवळायचा, मग सोडायचा, आणि श्वास मीच दिला म्हणायचं."

हॉलमध्ये हशा पिकला. घड्याळजी हसले नाहीत.

"ह्यांनी फसवलं खरं. पण मी फसायला तयार होतो. दोन वर्षं झाली, मला वरचे सूर नीट ऐकू येत नाहीत. लाज वाटली म्हणून बोललो नाही. आवाज मोठा झाला, सूर परत आला, आणि मला वाटलं, दोष प्लेअरमध्येच होता."

 मग अध्यक्ष म्हणाले, "मला पेशंटला सगळं दोनदा विचारावं लागतं." मागून आणखी दोघांनी मान डोलावली. नादसेवकांनी तेवढ्यात उघडी पेटी मखमलीत गुंडाळली, आणि यादी टेबलावरच टाकून जिना उतरले.

सोमवारी कान तपासायच्या खोलीबाहेर बाकावर श्रवण मंडळाचे पाच जण बसले होते. घड्याळजींना महिन्याभरात श्रवणयंत्र लागलं. लेथ जागेवरच राहिला.

नंतर त्यांनी दुकानातून एक साधा, छोटा डॅकही आणला. घरचा प्लेअर खरोखरच म्हातारा झाला होता. गाणं हळू झालं की मागून खरखर यायची. बायकोने यंत्र लावून आवाज सारखा केला, सगळ्यावर चादर टाकली, आणि त्यांना पाठ करून बसवलं. वीसपैकी वीस बरोबर आले.

"बघा, डॅक खोटा नव्हता," ती म्हणाली. "त्याची स्तुती खोटी होती."

पुढच्या बैठकीत घड्याळजींनी हे सगळं सांगितलं, आणि मंडळाने एक नियम केला: कोणतीही नवी वस्तू आधी झाकायची, आवाज सारखा करायचा, मगच मत द्यायचं. कोणीतरी विचारलं, यात वस्तू आणणाऱ्याचा अपमान नाही का होणार?

"का व्हावा?" घड्याळजी म्हणाले. "जे खरं आहे ते चादरीखालूनही ऐकू येतं. ज्याला चादरीची भीती वाटते, त्याच्याकडून काही घेऊ नका, मग तो सूर विकत असो, औषध विकत असो, नाहीतर देव."