विंगेतली लेक

नववीतल्या लेकीला शाळेच्या नाटकात घेतलं, एवढं ऐकून शिंप्याने टिकल्यांचा झगा शिवून टाकला. बायको असती तर तिने आधी काम विचारलं असतं. नाटकभर तो झगा मांडीवर घेऊन मान उंचावत राहिला, पण लेक स्टेजवर आलीच नाही.

नाटक संपल्यावर ती गणवेशातच धावत आली.

"अगं, तुला वगळलं का?"

"नाही हो बाबा! मी विंगेतून वाक्यं सांगत होते. राजा दोनदा अडकला, मीच सोडवला. तुम्हाला कळलं?"

"छे, अजिबात नाही."

"बघा! कुणालाच नाही कळलं!" तिने टाळीच मागितली.

कुणाला कळलं नाही, याचा एवढा आनंद? शाबासकी द्यावी की समजूत घालावी, त्याला उमगेना.

"आणि हा झगा?"

"द्या की, घालूनच घरी जाते."

तो गोंधळलेलाच गणवेशावरून हुक लावू लागला.