उंबरटेपाचा चढ

मित्रांनो, मला जुनी म्हणालात तर मी मुळीच रागावणार नाही, कारण ते खरंच आहे. माझा पांढरा रंग पिवळट पडला आहे, डावं दार दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचं आणि निळं आहे, आणि मागचं फळकूट साखळीने बांधावं लागतं. पण मला लहान म्हणालात, तर मात्र आपलं जमायचं नाही. मी चारही चाकांनी ओढणारी पिकअप गाडी आहे. कर्जत-खालापूरच्या डोंगरातल्या चिखलाला लोक रस्ता म्हणतात, ते माझ्यासारख्यांच्या भरवशावर.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथल्या ठिणग्या, रंगाचा वास आणि सगळ्यांची घाई एवढंच मला आठवतं. माझा पहिला मालक विजेच्या तारा ओढण्याची कामं घेणारा ठेकेदार होता. त्याच्याकडे मी भिवपुरीच्या बाजूला तारांची भेंडोळी आणि माणसं घेऊन डोंगर चढायला शिकले. काम संपलं तेव्हा त्याने मला एका जांभळाखाली उभं केलं आणि तो विसरून गेला. दोन पावसाळे मी तिथेच होते. माझ्या हौद्यात कोंबड्या अंडी घालायच्या. गंजाचं मला एवढं वाटलं नाही, पण आपल्याला कोणी कामाला बोलवत नाही याचं फार वाईट वाटायचं.

तिथून मला हारूनने घरी आणलं. हारून खालापूरचा भाजीचा व्यापारी. त्याने ‘बिस्मिल्ला’ म्हणून किल्ली फिरवली आणि मी चौथ्या खेपेला कशीबशी सुरू झाले. घरी पोचलो तेव्हा त्याची बायको नफिसा दारात उभी होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “हिला आधी आंघोळ घाला.” दुसऱ्या दिवशी तिनेच बादली घेतली. तेव्हापासून मी त्या घरची झाले.

आमचं मुख्य काम उंबरटेपाच्या वाडीवर. तिथल्या बायका पावसाळ्यात डोंगराच्या उतारावर काकड्या, शिराळी आणि कारली लावतात. दर सोमवारी आणि गुरुवारी आम्ही वर जायचो. ओढा ओलांडला की लाल चिकणमातीचा शेवटचा चढ लागतो. तिथे हारून छोटा दांडा ओढतो, माझी पुढची चाकंही कामाला लागतात, आणि मी कण्हत का होईना, वर पोचते. वर पोचल्यावर दोनदा हॉर्न द्यायचा, की बायका टोपल्या घेऊन येतात. टोपल्यांवर नावं नसतात. प्रत्येकीचं पान ठरलेलं असतं. सोनुबाई कुड्याची डहाळी खोचते, तिची सून जनी पळसाचं पान, कोणी सागाचं. पान पाहून हारूनला टोपली कोणाची ते कळतं, आणि नऊ वर्षांत एकदाही गल्लत झालेली नाही.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि या वर्षी श्रावणात हारूनचा चुलतभाऊ झैद एक बातमी घेऊन आला. रसायनीच्या एका कारखान्यातली पिंपं वाहून न्यायचं काम होतं, तेही बाराही महिने. पण त्यासाठी मोठा ट्रक हवा होता. पनवेलचा एक दुकानदार जुनी गाडी घेऊन ट्रक द्यायला तयार होता. मला दिल्याशिवाय ट्रक घेणं हारूनला झेपणारं नव्हतं. शुक्रवारपर्यंत हो की नाही ते सांगायचं होतं.

खरं सांगते, हारूनचं काही चुकत नव्हतं. उन्हाळ्यात वाडीवर भाजी नसते, तेव्हा मी दारात उभी राहते आणि तो दुसऱ्यांच्या गाड्या चालवतो. त्याची मुलगी अफरीन औषधशास्त्र शिकते आहे. मलाही हे सगळं कळत होतं. तरी तो संध्याकाळी माझ्याभोवती फिरून चाकांवर हलकेच लाथा मारून बघायचा, तेव्हा मला वाटायचं, हा आता माझी किंमत ठरवतोय.

नफिसा त्याला एवढंच म्हणाली, “तुमी ठरवा. पन वाडीवरच्या बायकांना एकदा विचारा.”

सोमवारी टोपल्या चढवून झाल्यावर हारूनने सोनुबाईला बाजूला घेतलं. सोनुबाई म्हणजे वाडीतली सगळ्यात वडीलधारी बाई. काटक शरीराची, आणि बोलणं मोजकं.

“मावशे, मोठा ट्रक घ्यायचं मनात हाय,” तो म्हणाला. “पन तो इथवर चढायचा नाय. तुमी माल खाली डांबरी सडकेवर आनाल का?”

“आनू की,” सोनुबाई म्हणाली. “आमच्या सासवा डोईवर घेऊन पार कर्जतला जायच्या.”

“तरास व्हईल तुमाला.”

“आमाला कसला रं तरास? तू तुजं बघ, बाबा. पोरगी शिकतेय तुजी.”

हारूनच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं. परत येताना तो चक्क गुणगुणत होता. मला मात्र संताप आला होता. नऊ वर्षं मी हा चढ चढले, आणि सोनुबाईने साधं ‘गाडी राहू दे’ एवढंही म्हणू नये? मित्रांनो, मी तिला मनातल्या मनात कृतघ्न म्हणाले. आज त्याची लाज वाटते.

गुरुवारी आम्ही नेहमीपेक्षा लवकर निघालो. ट्रक घेतला तर आता थोड्याच खेपा उरल्या, असं हारूनच्या मनात असावं, कारण त्याने माझी काच दोनदा पुसली होती. वर पोचलो, त्याने दोनदा हॉर्न दिला. कोणीच आलं नाही. त्याने पुन्हा हॉर्न दिला. तेव्हा पडवीतून म्हातारा मोरू बाहेर आला. त्याला आता नीट दिसत नाही.

“हारूनभाय का रं? समद्या खाली गेल्या. तांबडं फुटायच्या आदीच, पायवाटेनं.”

“खाली? का?”

“सोनू म्हनली, हारूनभायला आपल्यापाय अडकून ठेवायचं नाय. आपल्याला जमतंय, हे त्याला आजच दिसू दे. मग त्याला ट्रक घेताना वाईट वाटायचं नाय.”

हारूनने मला वळवलं आणि आम्ही उताराला लागलो. इतक्या वर्षांत त्याने मला उतारावर कधी घाई केली नव्हती, त्या दिवशी केली.

सडकेच्या कडेला, आंब्याखाली अकरा जणी रांगेने बसल्या होत्या. पुढ्यात टोपल्या, टोपल्यांवर आपापली पानं. लांबून सगळं नीटनेटकं दिसत होतं. जवळ गेल्यावर दिसलं की दोन टोपल्यांतल्या काकड्या फुटल्या होत्या आणि जनीचं कोपर खरचटलं होतं. सोनुबाई एका दगडावर बसली होती. पाय तिने लुगड्याखाली ओढून घेतले होते.

“आलो का नाय?” ती हसून म्हणाली. “तुज्या आदी आलो. जमतंय, बघ.”

“मावशे, उठ बरं जरा,” हारून म्हणाला.

“बसू दे की. दमलेय.”

“पाय दाखव.”

“पायाला काय झालंय?”

तेव्हा जनीला राहवेना. “कातळावर घसरल्या,” ती म्हणाली. “तुमाला सांगू नको म्हनल्या.”

हारून खाली बसला आणि त्याने लुगड्याचा काठ जरासा सरकवला. घोटा सुजून लाल झाला होता आणि त्यावर फडकं करकचून बांधलं होतं. तशा पायाने ती अर्धा डोंगर टोपली घेऊन उतरली होती. हारूनच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, “नको म्हनायचं होतंस गं. एकदा म्हनायचं होतंस.”

“तुज्या पोटावर पाय दिऊ का?” सोनुबाई म्हणाली.

त्याने तिला माझ्या पुढच्या सीटवर बसवलं. बाकीच्या हौद्यात चढल्या, टोपल्याही चढल्या, आणि मी कर्जतच्या सरकारी दवाखान्यापर्यंत एकही खड्डा जोरात घेतला नाही. हाड मोडलं नव्हतं. पाय मुरगळला होता, तीन आठवडे टेकायचा नाही असं डॉक्टर म्हणाले.

शुक्रवारी झैद आला. हारूनने त्याला चहा दिला आणि सांगितलं, “गाडी द्यायची नाय.”

“वेडा हायस का? असं काम परत मिळायचं नाय.”

“ते काम करायला दहा ट्रक हायत, झैद. उंबरटेपाचा चढ चढायला ही एकटीच हाय.”

झैद चिडला, चहा अर्धा टाकून गेला. ते काम दुसऱ्या कोणाला तरी मिळालं. हारून चार दिवस वहीत पुन्हा पुन्हा हिशेब मांडत होता, आणि मलाही काळजी वाटत होती. माझ्यापायी त्याच्या घराचं नुकसान झालं, असं वाटून मी मुकाट्याने पहिल्याच झटक्यात सुरू व्हायला लागले.

मग नफिसाने कंबर कसली. तिने ठरवलं की भाजी दुकानदारांना देण्याऐवजी आपण स्वतः रसायनीच्या वसाहतीत नेऊन विकायची. आठवड्यातून दोनदा ती माझ्या हौद्याशी उभी राहते, अफरीन सुट्टीला हाताशी असते. टोपल्यांवरची पानं ती काढत नाही. आता गिऱ्हाइकं विचारतात, “कुड्यावाल्या बाईंची काकडी आली का?” परवा शेजारच्या वाडीतूनही निरोप आला, की आमच्याकडेही गाडी वळवा. उन्हाळ्यात करवंदं आणि आंबे उतरवायचं नफिसाने आत्ताच बोलून ठेवलं आहे. हारूनने मला नवी चाकं बसवली. झैदही परवा येऊन चहा पूर्ण पिऊन गेला.

सोनुबाईचा पाय बरा झाला आहे. हल्ली ती बाजारात येते, तेही पुढच्या सीटवर बसून, आणि गिअर कधी टाकायचा ते हारूनला शिकवते.

मित्रांनो, गाड्या नेहमी स्वतःसाठी काहीतरी मागतात. तेल बदला, हवा भरा, उन्हात उभं करू नका. तेही जरूर करा. पण मला आणखी एक सांगायचं आहे. तुमच्यासाठी कोणी हसून म्हणालं, ‘आमचं काय, आमचं जमेल,’ तर लगेच निघून जाऊ नका. थोडे खाली वाका आणि त्यांचे पाय बघा.