कोपरा आला की चहा

लग्न झाल्यापासून खळ लावायची नोराने आणि भिंतीला कागद लावायचा विल्फने. इंग्लंडातल्या बर्नलीच्या त्या गल्लीत घरं एकमेकांना खेटून उभी, आणि शपथेला एकाही घराचा कोपरा सरळ नाही. तरी विल्फने कागद लावलेला कोपरा बघायला माणसं मुद्दाम यायची. नोराचं नाव कोणी काढत नसे. खळीचं कौतुक कोण करतंय!

आता विल्फचा पाय मोडला होता, प्लास्टर मिरवत तो स्वयंपाकघरात बसून होता. आणि रविवारी मुलीच्या सासरची माणसं पहिल्यांदा चहाला येणार होती. त्यांना बसवायचं ते पुढच्याच खोलीत, आणि तिच्या भिंती उघड्याबोडक्या. वेलबुट्टी उठून दिसणारा जाडजूड कागद आणून ठेवलेला, तो तसाच पडून.

"क्लिफर्डला बोलावतो," विल्फ म्हणाला.

"तुझ्या भावाला? त्याच्या स्वतःच्या भिंतीवरच्या कागदाला फोड आलेत. मी लावते."

"तू खळ लाव, राणी. त्यात तुझा हात कोण धरणार!"

नोराच्या डोक्यात तिडीक गेली. "शनिवारपर्यंत जमलं नाही तर खुशाल बोलाव त्याला," ती म्हणाली आणि शिडी घेऊन गेली.

सगळे करतात तशी तिने खिडकीपासून सुरुवात केली, म्हणजे जोडाची सावली पडत नाही. कागद चांगला भिजू दिला. ब्रशने नुसता थोपटला, कारण दाबला की वेलबुट्टी चपटी होते. सरळ भिंत झकास झाली. मग कोपरा आला.

आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण कोपरा लावताना कधी पाहिलेलाच नाही. कोपरा आला की विल्फ म्हणायचा, "नोरा, चहा ठेव गं." ती कप घेऊन यायची तेव्हा कोपरा झालेला असायचा. इतकी वर्षं लबाडाने तिला चहाला पिटाळलं होतं!

तिने अख्खा कागद तसाच कोपऱ्यातून वळवला. मध्ये चुणी पडली, आणि पलीकडच्या भिंतीवर वेली पिऊन आल्यासारख्या दाराकडे कलल्या. ओळंबा सोडून पाहिला तर कागदाची कड खाली दोन बोटं सरकलेली.

"कोपरा आला वाटतं?" आतून विल्फ ओरडला. "चहा ठेवू का?"

नोराला रडूच आलं, आणि रडू आलं म्हणून जास्तच राग आला. तिने ओला कागद टराटरा ओढून काढला आणि कोपऱ्याकडे बघत बसली. भिंत वर आत गेलेली, मध्ये फुगलेली. असं वाकडं माप तिने कुठे बरं पाहिलं होतं?

गल्लीतल्या बायकांचे कपडे नोराच शिवायची. समोरच्या आयव्हीचा एक खांदा उतरता. तिथे अखंड कापड ओढून बसवायला गेलं की झोळ पडणारच. कापायचं, आणि कोणाची नजर जाणार नाही तिथे जोडायचं.

"अगं बाई," ती मोठ्याने म्हणाली, "हा तर आयव्हीचा खांदा!"

तिने कोपऱ्यापर्यंतचं अंतर वर, मध्ये, खाली मोजलं. सर्वांत मोठं माप धरून, शिवाय बोटभर जास्त ठेवून नवा कागद उभा कापला. पहिला तुकडा कोपऱ्यात बसवून बोटभर पलीकडे वळवला. दुसऱ्या भिंतीवर नव्याने ओळंबा सोडला आणि उरलेला तुकडा कोपऱ्याच्या नव्हे, दोरीच्या हिशोबाने त्यावर चढवला. मग श्वास रोखून, कोपऱ्याच्या खाचेतून वरपासून खालपर्यंत दोन्ही थर पात्याने एकदम कापले आणि जास्तीच्या पट्ट्या अलगद सोडवल्या. दोन्ही कडा एकमेकींना येऊन भिडल्या. वेली ताठ उभ्या.

"विल्फ!" तिने अशी हाक मारली की शेजारच्या घरातही गेली असेल. "चहा ठेव!"

तो कुबड्या टेकत आला. कोपऱ्यावरून नख फिरवलं. स्वतः ओळंबा धरून पाहिला.

"कोणी शिकवलं तुला?"

"तू नाही, एवढं नक्की."

रविवारी पुढची खोली भरली. पाहुणे बघायला आयव्हीही काहीतरी निमित्त काढून आली, आणि पाहुणे सोडून भिंतच बघत राहिली.

"मोडक्या पायाने असा कोपरा!" ती म्हणाली. "विल्फ, पाय बरा झाला की माझ्या जिन्याला कागद लावून दे बाबा."

किटली हातात धरून नोरा थांबली.

"मला काय विचारतेस?" विल्फ म्हणाला. "कागद ही लावते. मी नुसती खळ लावतो."

नोराने सगळ्यांच्या आधी त्याचा कप भरला.