पांढऱ्या रस्त्यांवरचे काका

उतार लागला की श्रीधरकाका पायडल मारणं थांबवत आणि त्यांच्या मागच्या चाकातून एक बारीक, एकसुरी टिकटिक सुरू होई. फ्रान्समध्ये नॉर्मंडीतल्या सकाळी, दोन्ही बाजूंना डोक्याहून उंच हिरवी कुंपणं आणि मध्ये जेमतेम एका ट्रॅक्टरपुरता रस्ता, अशा वेळी धुक्यात ते मला दिसत नसत. पण त्या आवाजावरून कळे की पुढे उतार आहे, काका निवांत आहेत आणि मी ब्रेकवर बोटं ठेवलेली बरी. तीन उन्हाळे मी त्या आवाजामागून सायकल चालवली. चौथ्या उन्हाळ्याबद्दल मला नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे.

आमची ओळख इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्समधल्या एका पंक्चरमुळे झाली. पुण्याहून नोकरीसाठी येऊन मला चारच महिने झाले होते. गाड्यांचे रस्ते वेगळे आणि सायकलींच्या लाल वाटा वेगळ्या, अशा त्या आखीव गावात मी एक जुनी सायकल घेऊन दिशाहीन हिंडत असे. एका पुलाखाली चाक बसलं म्हणून फोनवर आईपाशी कुरकुर करत होते, तर मागून एक सडपातळ, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ येऊन थांबले आणि माझा फोन संपताच सरळ मराठीत म्हणाले, “टायर काढायच्या पट्ट्या आहेत का, की नुसतीच हौस?” नुसतीच हौस होती. पुढची वीस मिनिटं त्यांनी मला एकदाही हात लावू दिला नाही आणि नंतर सगळं उलगडून पुन्हा मला करायला लावलं.

काका निवृत्त होते. काकू गेल्यापासून एकटेच राहत. फेब्रुवारीतला उजेड खिडकीत येतो न येतो तोच परततो, अशा दिवसांत ते जेवणाच्या टेबलावर फ्रान्सचा कागदी नकाशा पसरत आणि शिसपेन्सिलीने आमच्या जूनमधल्या सायकलफेरीचा मार्ग आखत. त्यांचा नियम साधा होता: नकाशावरचे लाल आणि पिवळे रस्ते गाड्यांचे, पांढरे आपले. पांढऱ्या रेषा गावं टाळत नाहीत, पण गावाची घाई टाळतात, असं ते म्हणत. मार्गाचा कागद ते मराठीत लिहीत, सुवाच्य, शाळामास्तरासारखा: “चर्चपासून डावीकडे. चढ, पण प्रेमळ. पाणी स्मशानात.” त्या देशात लहान गावांतून दुकानं बहुधा बंद, पण दफनभूमीत फुलांसाठी नळ असतो आणि जाणते सायकलस्वार तिथेच बाटल्या भरतात. पहिल्या वर्षी हे न कळल्यामुळे मी तो कागद वाचून मनातल्या मनात रामरक्षा म्हटली होती. त्यावरून काकांनी मला दोन दिवस छळलं.

त्यांना बोलायला फारसं लागत नसे. भर दुपारी, खिडक्यांच्या निळ्या झडपा मिटलेल्या, गहू निश्चल उभा, अशा वेळी ते रस्त्याकडेच्या बाकावर बसून डोळे मिटत आणि त्यांच्या चेहऱ्यावर देवघरातून उठलेल्या माणसाची शांतता येई. गाईंशी मात्र आवर्जून मराठीत बोलत. “काय बाई, झालं का खाऊन?” गाय मान वर करी, काका टोपी किंचित उचलत आणि आम्ही पुढे निघत असू.

आमच्यासारख्यांची एक खास चूक असते. पुण्यातही डावीकडून चालवायचं, इंग्लंडमध्येही डावीकडूनच, फ्रान्समध्ये उजवीकडून. गर्दीच्या रस्त्यावर गाड्याच आपल्याला बाजू दाखवतात, त्यामुळे तिथे कुणी चुकत नाही. चुकतो ते या पांढऱ्या रस्त्यांवर, जिथे तासभर कुणी येत नाही. बाकावरून उठतो, पाय आपणहून पायडलवर जातो आणि शरीर जन्माच्या सवयीने डावी कड धरतं. म्हणून आमचा रिवाज होता की मागच्याने “उजवी” अशी हाक द्यायची आणि पुढच्याने हात वर करून बाजू बदलायची. मीही पुष्कळदा चुकले आहे. ही शांततेची चूक आहे, काका म्हणत, आणि शांतता हवी असेल तर ती पत्करावी लागते.

गेल्या जूनमध्ये एका सकाळी काका चार वेळा डावीकडे गेले. तीन वेळा हात वर झाला. चौथ्या वेळी वळणापलीकडे ट्रॅक्टरची घरघर ऐकू येत होती, मी ओरडलेच. काकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, हसले आणि विचारलं, “उजवी म्हणजे कुठली?” मग सावकाश बाजूला झाले. ट्रॅक्टरवाल्याने हात केला, काकांनीही केला. ती चेष्टा होती का? काकांचा स्वभाव मला ठाऊक होता. हा माणूस मरणाच्या दारातही यमाला वाट चुकवायला कमी करणार नाही. पण हसण्याआधी क्षणभर त्यांच्या डोळ्यांत काहीतरी रिकामं दिसलं, किंवा दिसल्यासारखं वाटलं. मी काहीच विचारलं नाही. नंतर पूर्ण दिवस आम्ही उजवीकडून चालवलं आणि संध्याकाळी काकांनी रोजच्यासारखं माझ्या वाटचं चीजही खाल्लं.

परतल्यावर त्यांच्या मुलीचा, अनूचा फोन आला. ती इथेच जन्मलेली, लंडनमध्ये क्रॉयडनला नोकरी करते, बापावर जीव टाकते.

“मेघना, बाबा ओके होता ना तिकडे? ऑनेस्टली सांग. मला थोडा वरीड वाटते.”

मी गप्प राहायला हवं होतं की बोलायला, हे मला आजही ठरवता येत नाही. मी तिला ती सकाळ सांगितली. ती म्हणाली, “थँक यू. मी त्याचा सायकल घेऊन जाते. आय कान्ट, मेघना. मम्मा पण गेली.” पुढच्या शनिवारी ती गाडीमागे सायकल बांधून क्रॉयडनला घेऊन गेली. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने ठीक आहे, पण लक्ष ठेवू. म्हणजे काय, ते मी अनूला दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मला समजल्यासारखं वाटून समजलं नाही.

काका रागावले नाहीत, हेच मला झोंबलं. ते गावातल्या त्या लाल सायकलवाटांवरून पायी चालायला लागले, आणि फेब्रुवारीत नकाशा पसरून त्यांनी माझ्या एकटीसाठी मार्ग आखला. अक्षर तसंच, पेन्सिल तशीच टोकदार. या जूनमध्ये मी एकटी गेले. रोज संध्याकाळी, ऊन अजून भिंतींवर असताना, खानावळीच्या पायरीवर बसून त्यांना फोन करी. ते विचारत, “त्या दफनभूमीनंतरच्या उतारावर खडी होती ना?” खडी असे. “तुला तिथं वारा समोरून लागला असेल.” लागलेला असे. ते इतकं अचूक सांगत. ज्याला एवढा रस्ता पाठ आहे त्याची सायकल मी काढून घेतली. आणि एका संध्याकाळी त्यांनी मला शांतपणे सांगितलं की उद्याच्या गावात नदीकाठी गिरणी आहे, तिच्या सावलीत बस. दुसऱ्या दिवशी त्या गावात नदीच नव्हती. दुसऱ्या कुठल्या गावाची गिरणी, दुसऱ्या कुठल्या वर्षाची. एवढी गल्लत तर माझीही होते.

तिथे, चर्चसमोरच्या बाकावर, मला ते असह्य झालं. भर दुपारीच मी त्यांना फोन लावला.

“काका, गेल्या वर्षी, तो ट्रॅक्टर आला तेव्हा, तुम्ही मला विचारलंत, उजवी म्हणजे कुठली. ती चेष्टा होती का?”

त्यांच्या स्वयंपाकघरातला रेडिओ ऐकू येत होता.

“आता नाही आठवत गं,” ते म्हणाले. “अनूला सांगितलंस, ते बरोबर केलंस. पण त्याआधी मला विचारायचंस, तिथल्या तिथे. तेव्हा सांगितलं असतं.”

चेष्टा असली तरी ती विसरली जाते आणि खरंच गोंधळ झाला असला तरी तोही विसरला जातो. त्यांच्या उत्तरातून मला काहीच कळलं नाही, आणि आता कुणालाच कळणार नाही. काळ माणसाला घेऊन जातो हे मी ऐकून होते. तो आधी एखादं उत्तर घेऊन जातो आणि माणूस मात्र आपल्याशी फोनवर बोलत राहतो, हे मला माहीत नव्हतं.